मेघाची मॅच लाइव्ह

५ ऑगस्ट, मंगळवार
काल कानबाई बोळवली, देवीचं विसर्जन झालं. रोटाचे, म्हणजे प्रसादाच्या पोळ्यांचे गहू घरातल्या माणसागणिक मोजताना मेघाच्या पप्पांच्या नावाचीही मूठ धरली होती. ते आले नाहीत. धुळ्याला ड्यूटी असते, रजा मिळत नाही. घरी येऊन चौदा महिने झाले. रोट बाहेरच्याला देता येत नाही आणि उरवताही येत नाही, म्हणून त्यांच्या वाटचा मीच खाल्ला. पोट गच्च झालं. बाकी काही वाटलं नाही.

मेघाचं शाळेच्या खो-खोत नाव लागलं. मी त्याच शाळेत खिचडी शिजवते, त्यामुळे तिच्या आधी मला कळलं. आधी तालुका, तो इथेच पाचोऱ्याला. मग जिल्हा जळगावला. मग विभाग, तो यंदा धुळ्याला. म्हणजे पप्पांच्या दारातच.

ठरवलं. प्रत्येक मॅच मोबाईलवर लाइव्ह दाखवायची. बापाने पोरगी दोनदा खेळताना पाहिली की तिसऱ्यांदा मैदानात येणार. मैदानात आला की घरी येणार. सोपं आहे. लोक उगाच अवघड करून ठेवतात.

८ ऑगस्ट, शुक्रवार
खेळाचे प्रशील सर, त्यांना विचारलं लाइव्हला काय काय लागतं. त्यांनी कागदावर लिहून दिलं. एक मोबाईल. एक स्टँड. एक पॉवर बँक. चांगलं नेट असलेलं सिम. सावलीत उभं राहा. मोबाईल हलवू नका. आणि सगळ्यात खाली, बोलू नका.

मी म्हटलं सर, एवढ्यात काय लाइव्ह होतं? दीपमालाताईकडे बघा.

दीपमालाताई म्हणजे प्रज्ञाची आई. प्रज्ञा आपल्या टीमची कॅप्टन. नवरा दीपनगरला पावर हाऊसमध्ये शिफ्टला, तिकडेच राहतो, म्हणून ती त्याला मॅच दाखवते. तिच्याकडे तीन पायांचा स्टँड आहे, कॉलरचा माईक आहे, गोल लाइट आहे. भर उन्हात गोल लाइट लावते. त्याला म्हणतात तयारी. सरांचा कागद पर्समध्ये टाकला. सर माणूस चांगला, पण विचार छोटा.

१२ ऑगस्ट, मंगळवार
आज सराव मॅच. म्हटलं साधा व्हिडिओ कॉल लावू, लाइव्ह-बिव्ह कशाला. मेघाच्या पप्पांना सात वेळा लावला. उचलला नाही. कंपनीत मोबाईल जमा करून घेत असतील.
आठव्या वेळी त्यांनी कट केला. म्हणजे जमा करत नाहीत, हातातच असतो. चांगलं झालं. लिंक पाठवली तर नक्की बघतील.

१९ ऑगस्ट, मंगळवार
यूट्यूबवर चॅनल काढलं. मेघाने काढून दिलं, तोंड वाकडं करून. नाव 'मेघा खो-खो पाचोरा'. ती म्हणे, आई, माझं एकटीचं नाव नको ना, बाकीच्या अकरा जणी काय म्हणतील? मी म्हटलं, अकरा जणींनी आपापल्या आया आणाव्या.

मोबाईलवरून लाइव्ह करायला आधी पन्नास सबस्क्रायबर लागतात म्हणे. हा कुठला नियम? मग काय, खिचडी वाढून झाली तशी गल्लीत फिरले. ज्याच्या हातात मोबाईल दिसला त्याचा घेतला, दाबला, परत दिला. विचारत कोण बसतं? उखर्डू नानांना वाटलं मतदान आहे, त्यांनी शाई लावायला बोट पुढे केलं. पन्नासावा मोबाईल सासूबाईंचा. त्या ओरडल्या, "काय दाबी ऱ्हायनी व माय, मना फोन बिघाडशी!"
एका दिवसात पन्नास. दीपमालाताईला चार महिने लागले होते.

९ सप्टेंबर, मंगळवार
तालुका. स्टँड विकत आणला नाही, तीन पाय हवेत कशाला? धनसिंगभाऊंच्या मळ्यातून केळीच्या घडाला लावतात तो बांबूचा टेकू आणला. तेलाच्या रिकाम्या डब्यात वाळू भरून त्यात रोवला. वरच्या खाचेत मोबाईल बसवून परकराच्या नाडीने बांधला. एवढा मोठा घड पेलतो, मोबाईल काय चीज आहे? दीपमालाताई लांबून म्हणे, "काय हो कोकिळाताई, घड कधी लागणार?" मी लक्ष दिलं नाही.

दहा वाजता लाइव्ह दाबलं. चोवीस तास थांबा असं आलं. पहिल्यांदा चालू करताना थांबावं लागतं म्हणे. सर म्हणाले, मी तुम्हाला महिन्याभरापूर्वी सांगितलं होतं. सांगितलं असेल. ते फार सांगतात.
पोरी जिंकल्या. कोणाला दिसलं नाही.

१० सप्टेंबर, बुधवार
तालुक्याची फायनल. आज लाइव्ह लागलं. पप्पांना लिंक पाठवली.
नाडी सैल पडली आणि मोबाईल हळूहळू खाली सरकत गेला. मला कळलंच नाही. सासूबाई घरी बघत होत्या, त्यांचा फोन आला, "माले ते नुसता पायच दखाई ऱ्हायनात. आपली पोर कोनती शे?" मी म्हटलं, घोट्याला पट्टी आहे ती.

मोबाईल परत वर बांधला आणि सरळ मेघावर लावला. बाकीच्यांना काय बघायचं? पण खो-खोत बसायची पाळी आली की एक पोरगी इकडे तोंड करून बसते, पुढची तिकडे. मेघा तिकडे. तिला कोणी खो पण लवकर देईना. बराच वेळ पाठच दाखवली. वेणी चांगली दिसली. मीच घातली होती.

किती जण बघतायत ते सांगणाऱ्या डोळ्याच्या खुणेपाशी ३ आकडा होता. एक सासूबाई. एक माझी बहीण. तिसरं कोण ते सांगायला नको.
घरी आल्यावर मेघा म्हणे, तिसरा सरांचा मोबाईल होता, ते तपासत होते. तिला काय माहीत, ती तर खेळत होती.

११ सप्टेंबर, गुरुवार
लिंकपाशी दोन निळ्या खुणा आल्या. म्हणजे पाहिलं. उत्तर नाही. कामाच्या माणसाला उत्तर द्यायला वेळ नसतो.

सासूबाई जेवताना म्हणाल्या, "मनाच पोऱ्या शे, माले माहीत शे. तो काई येवाव नही. तठे त्यानं बठ्ठं जमेल शे." तिथे सगळं जमलंय म्हणजे खानावळ जमली असेल. मी म्हटलं, तुमची भाजी गार होतेय.

निश्चय. जळगावला कॉमेंट्री करायची. मुक्यानं मॅच बघून कोणीही कंटाळेल. आपली चूक तिथे झाली.

७ ऑक्टोबर, मंगळवार
जळगाव. जिल्हा. दीपमालाताईसारखा कॉलरचा माईक आणला. टेकू एसटीत नेला. कंडक्टर म्हणे, मावशी, याचंही तिकीट काढा. मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मग त्याने नाही काढलं.

सकाळची मॅच. कॉमेंट्री केली. मेघा आता पळते आहे. मेघा अजून पळते आहे. मेघा बाद, पण ती बाद नव्हती, पंच आंधळा आहे. असं सगळं नीट समजावून सांगितलं. पंधरा मिनिटांनी प्रशील सर पळत आले. म्हणाले, "कोकिळाताई, त्या पंचांच्या घरचे तुमची लिंक बघतायत. त्यांच्या मुलीने फोन करून सांगितलं त्यांना." मी म्हटलं, मग बरंच आहे, घरच्यांना कळू दे. सरांनी माईक काढून खिशात घातला.

दुपारी फायनल. ऊन असं की मैदानात उभं राहवेना. सावली दीपमालाताईने धरलेली, मी कशाला जाऊ तिच्या शेजारी. शेवटची पाळी आली आणि मोबाईल तापून बंद पडला. पदराने वारा घातला. फुंकर मारली. ओलं फडकं गुंडाळलं. चालू करते तर पुन्हा तापलाय म्हणून बंद.
मागे एकदम आरडाओरडा झाला. वळून पाहिलं तर पोरी मेघाला उचलून नाचत होत्या. शेवटच्या दोन मिनिटांत तिने तीन गडी मारले म्हणे. सगळ्यांनी पाहिलं. मी फुंकर मारत होते.

परत येताना ती विचारत होती, आई, तो खांबापाशी सूर मारला तो पाहिलास का? मी म्हटलं, हो.

२३ ऑक्टोबर, गुरुवार
दिवाळी झाली. आले नाहीत. पणतीचा फोटो आला, त्यावर 'सर्वांना हार्दिक शुभेच्छा'. बहिणीलाही तोच आला होता. त्यांना वेळात वेळ काढून पाठवावासा वाटला, हे धरून चालायचं.
चिवडा उरला, तो शाळेत नेला.

१० नोव्हेंबर, सोमवार
परवा धुळ्याला निघायचं. पोरींबरोबर एक बाई लागते, सरांनी मलाच घेतलं. दीपमालाताई स्वखर्चाने येते आहे, लाइटसकट.

पप्पांना व्हॉइस पाठवला. गुरुवारी मॅच, देवपूरला मैदान आहे, तुम्ही साक्री रोडला राहता, गाडीवर दहा-पंधरा मिनिटं. लिंक पण पाठवते, पण या. पोरगी वाट बघते. माझं नाव घेतलं नाही.
निळ्या खुणा आल्या.

खरं सांगायचं तर आतापर्यंतची तिन्ही लाइव्ह काही धड झाली नव्हती. पाय दिसले, पाठ दिसली, मग काहीच दिसलं नाही. असल्या चित्रावर कोण येईल? आता सरांच्या कागदाप्रमाणे करायचं. पर्समधून काढला. इस्त्री केल्यासारखा चपटा झाला होता.

१३ नोव्हेंबर, गुरुवार, सकाळी ७
धुळे. पोरी शाळेच्या हॉलमध्ये झोपल्या होत्या, उठवल्या. एक मोबाईल. सरांचा एक साधा स्टँड. पॉवर बँक भरलेली. सिम नवीन. मैदानाच्या मध्यावर, लिंबाच्या सावलीत, थोडं उंचावर जागा धरली. पूर्ण मैदान मावतं, दोन्ही खांब दिसतात. शेजारी एक खुर्ची ठेवली. ऊन आलं तर सरकवता येईल अशी.

सकाळी ११
सेमीफायनल जिंकलो. मोबाईलला हात लावला नाही. तोंडही उघडलं नाही, पदराचं टोक दातात धरून बसले. कोणी खुर्ची मागितली तर मानेनेच नाही म्हटलं.
दीपमालाताईचं दहाव्या मिनिटाला अडकलं. नुसतं गोल फिरत राहिलं. वर लाइट चालू, खाली चित्र बंद. दीपनगरहून नवऱ्याचा फोन आला, तो इतक्या मोठ्याने बोलत होता की मला ऐकू येत होतं. "अगं, मला काहीच दिसत नाहीये! फायनल किती वाजता? थांब, मीच येतो." ती रडवेली झाली. मला तिचं वाईट वाटायला पाहिजे होतं. मी आपला डोळ्याचा आकडा बघत होते. एकशे बारा.

दुपारी ३
फायनल सुरू होते आहे. खुर्ची रिकामी. रस्त्यात गर्दी असेल. धुळ्यात काय सांगता येतं?

संध्याकाळी ५.३०
दोन गुणांनी हरलो. मेघा शेवटपर्यंत बाद झाली नाही. या वेळी मी सगळं पाहिलं.

आकडा दोनशे चौदापर्यंत गेला होता. दुसऱ्या शाळांचे लोक पण आपलीच लिंक बघत होते. सर म्हणाले, "ताई, एवढं चांगलं लाइव्ह मी टीव्हीच्या खालोखाल पाहिलं." खाली पप्पांची कॉमेंट आली होती. अंगठा, आणि 'एकदम क्लिअर'.
मेघाने तिथूनच त्यांना फोन लावला, स्पीकरवर. पप्पा, कुठे आहात? ते म्हणाले, "घरीच आहे. सगळी मॅच पाहिली, पहिल्या मिनिटापासून. मस्त खेळलीस." ती म्हणे, आला का नाही मग? ते म्हणाले, "अगं, इतकं स्वच्छ दिसत होतं, मैदानात येऊनही एवढं दिसलं नसतं. आमच्या इथे सगळ्यांनी पाहिलं."
ती म्हणे, सगळ्यांनी म्हणजे कोणी?
ते म्हणाले, आवाज तुटतोय. आणि ठेवला.
आवाज तुटत नव्हता. नेट फुल होतं.
मेघाने मोबाईल माझ्या हातात दिला आणि बूट शोधायला गेली. बूट तिच्या पायातच होते.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
पाचोरा. आज मसूर डाळीची खिचडी. मीठ दोनदा पडलं, पोरांनी तशीच खाल्ली. सर म्हणाले, पुढच्या वर्षीही लाइव्ह तुमच्याकडेच. हो म्हटलं.

सासूबाईंनी ताट वाढून ठेवलं होतं. त्यांनीही पाहिलंच होतं, घरी बसून.

दुपारी दीपमालाताई पेढे घेऊन आली. मोबाईलमधला फोटो दाखवला. नवरा दीपनगरहून मोटरसायकलवर निघाला तो तीन तासांत आला, अंगात ड्यूटीचाच शर्ट, तोंडावर सगळी धूळ. प्रज्ञाला खांद्यावर घेतलंय. हरलेली आहे तरी हसतेय. ती म्हणे, बाई गं, नशीब माझं बंद पडलं.

पेढा खाल्ला. गोड होता असं वाटलं.
तिचं दहा मिनिटांत बंद पडलं. आमचं शेवटपर्यंत एकदाही अडकलं नाही.