दुसरी इमारत

प्रिय धाकट्या,

हे पत्र दवाखान्याच्या फिरत्या गाडीवरच्या नर्सबाईंकडे देतेय. हल्ली तू त्यांच्याखेरीज कुणाशी धड बोलत नाहीस, असं त्याच म्हणाल्या. खोकला कसा आहे? मागे पाठवलेलं जर्किन तू दुसऱ्याच कुणाच्या तरी अंगावर घातलंस, हेही कळलं. रागावले नाही. रागवायलासुद्धा अंगात त्राण लागतं.

बांधकाम संपलं एकदाचं. नाकी नऊ आले रे. बेघरांसाठी दोन इमारती, प्रत्येकाला छोटी का होईना पण स्वतंत्र खोली, असा आराखडा मी काढला तेव्हा माझे केस काळे होते. आधी शेजारच्या सोसायटीवाले कोर्टात गेले. ‘असले लोक’ आले की त्यांच्या घरांचे भाव पडतील म्हणे. खटला रेंगाळला आणि तेवढ्यात लोखंड, सिमेंट, मजुरी, सगळंच महागलं. स्थगिती उठली, तर पाया खणताना खाली भुसभुशीत भराव निघाला. खांब कितीतरी खोल न्यावे लागले. जमिनीत गेलेला पैसा कुणाला दिसत नाही, जाब मात्र मलाच विचारतात.

मग आमच्या खात्याच्या साहेबांनी खर्चाला कात्री लावली. गॅलऱ्या गेल्या, लिफ्ट गेली. मी म्हटलं, साहेब, आता भिंती तेवढ्या राहिल्यात. ते हसले नाहीत. एका खोलीला एवढा खर्च येत असेल तर दुसरी इमारत रद्द करा, म्हणाले. मी भांडले. माणूस रस्त्यावर राहतो तेव्हा इस्पितळ, पोलीस, रात्रनिवारा यांवर वर्षानुवर्षं जे जातं, ते खोलीपेक्षा जास्तच असतं, हे मांडून दाखवलं. त्यांनी शांतपणे वाचलं आणि म्हणाले, “बाई, खरंय तुमचं. पण ते पैसे दुसऱ्या खात्यातून जातात.” दुसरी इमारत कागदावरच राहिली. हात टेकले.

सोमवारी पहिल्या इमारतीच्या किल्ल्या दिल्या. दुसऱ्या दिवशी नळ तपासायला गेले, तर एक म्हातारी पलंग सोडून जमिनीवर निजलेली, चपला उशाला घेऊन. मी काही विचारायच्या आत म्हणाली, “जाईल गं सवय हळूहळू. आधी घर खरं आहे का ते बघू दे.” जिन्यात बसून मी पोटभर रडले. दमल्यामुळे असेल.

तुझी खोली दुसऱ्या इमारतीत होती. साहेबांना आपलं नातं ठाऊक आहे. किल्ल्या द्यायच्या आधी मला बाजूला घेऊन म्हणाले, भावाचं नाव पहिल्या इमारतीत सरकवू का? पण तिथे एकही खोली मोकळी नव्हती. तुला आत घ्यायचं म्हणजे त्या म्हातारीसारखं कुणीतरी बाहेर. मी नाही म्हटलं. हे तुला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू नये, म्हणून हे पत्र. बहिणीच्या घरात पाहुणा होऊन राहणार नाही, असं म्हणून तू निघून गेलास, तेव्हाच मी हे काम मागून घेतलं होतं. तुला तुझं म्हणून काही द्यायचं होतं. नाही जमलं. तुझ्या भावोजींनी आमची मागची खोली रिकामी केलीय. हवं तर भाडं दे, आतून कडी लाव, आमच्याशी बोलूही नकोस. पण ये रे. दुसऱ्या इमारतीसाठी मी पुन्हा भांडेन, पण त्याआधी मला थोडं झोपायला हवंय, आणि तू बाहेर असताना ते होत नाही.

तुझीच,
ताई