शून्य वेळा परत

४ नोव्हें., मंगळ. कोइंबतूर
मॅडमनं केबिनमध्ये बोलावलं. वाटलं, पुन्हा प्रिंटर अडकला. नाही. माझे पाच टॅग, म्हणजे गावाकडच्यांनी मोबाईलवर पान लिहाव म्हणून बनवलेले मराठी शब्द, ऑफिसच्या मेन फ्रेमवर्कमध्ये घ्यायचे म्हणते. म्हणजे इथली सगळी पोरं वेबसाइट बनवताना माझे शब्द लिहितील. नाव, फोटो, यादी, तारीख, परत. मी इथं वायरी ओढाले आलो होतो. दहावी दोनदा देऊन. पाचच टॅग कावून, तं माझ्या डोक्यात पाचच मावले. हे मॅडमले सांगितलं नाही.

अट अशी. दोन टॅग वाढवायचे, 'जर' (असलं तं हे दाखव) आणि 'नाहीतर' (नसलं तं ते). आणि 'परत'ले कोणी शून्य दिलं तं पानावर लाल अक्षरात चूक दाखवायची. परत ३ लिहिलं की आतली गोष्ट तीनदा दिसते. शून्य वेळा परत कोण लिहील? १४ पर्यंत सांग म्हणे. हो झालं तं वायरी सुटल्या, मॅडमच्या टीममध्ये.

हो म्हणून टाकायचं होतं. तोंडातून निघालं, पाहून सांगतो.

५ नोव्हें.
शून्य कोण लिहिते ते शोधलं, उगाच. एका पानावर शून्यच शून्य. तिवसा रोडवरच्या आमच्या नर्सरीचं पान. वहिनीचं!

फोन लावला. "वहिनी, हे शून्य कावून?"
"रोपं नसली का दिसू नाही म्हणून."
"कोणी शिकवलं?"
"शिकवाव लागते काय त्यात? तीन लिहिलं तं तीनदा येते, मंग शून्य लिहिलं तं येणारच नाही. तुमीच बनवलं न भाऊजी?"

मी बनवलं. मले माहीत नव्हतं.

तीन वर्षं झाली टॅग बनवून. 'जर' टॅग नाही म्हणून कोणाची बोंब नाही, कारण वहिनीनं 'परत'मधूनच 'जर' काढला. अजून कोणी काय काय काढलं असेल?

७ नोव्हें.
मॅडमले सांगितलं. तिची हिंदी माझ्या इंग्रजीसारखी, दोघंही हातवारे करतो. म्हणे, हा जुगाड आहे, म्हणूनच तं 'जर' पाहिजे. आणि 'नाहीतर' नसला की टॅग लंगडा. वस्तू नसली तं पानानं नाही म्हणाव. तुझ्या वहिनीसाठी जुनं वेगळं ठेव.
जुनं वेगळं ठेवलं तं एक दिवस बंद पडणार. मंग पान पुन्हा दादाच्या हाती. दादाकडे होतं तेव्हा उन्हाळ्यातली मिरची पोळ्यापर्यंत दिसत होती. लोकं गाडी घेऊन यायचे न् वहिनीले बोलून जायचे. तेव्हापासून पान ती स्वतः लिहिते, मोबाईलवर, सकाळी ट्रेले पाणी मारून झालं की.
दिवाळीची सुटी बाकी आहे. जाऊन पाहतो.

१० नोव्हें. नर्सरी
काल बडनेऱ्याले उतरलो. राजापेठेत ज्या क्लासमध्ये कॉम्प्युटर पुसायचो तिथं डोकावलो. सर म्हणे, "टिकून राहिला काय रे कुठं, का तिथूनही पळून राहिला?" पळालो नाही म्हटलं, सुटीवर आहो.

घरी दादा गेटवरच. "या इंजिनेर साहेब! आमच्या टमाट्यात काय सुधारणा करता?"

दुपारी वहिनीले 'जर' दाखवला. दोन मिनिटात समजला. 'नाहीतर'वर अडली.
"यात काय लिहू?"
"रोपं नसली तं काय दिसाव ते. लिव्हा, संपलं."
मोबाईल खालीच ठेवला तिनं. "गिऱ्हाईकाले संपलं म्हणू मी? धंद्यावर बसून?"
"मंग काय म्हणता?"
"काहीच नाही म्हणत. म्हणून तं शून्य."

दादा खो खो हसला. मी नाही हसलो. मायही बाजारात बसायची तं टोपली रिकामी झाली की 'संपलं' म्हणत नव्हती. 'वाढलं' म्हणायची. हे मी ऐकत मोठा झालो, न् टॅग बनवताना आठवलं नाही.

११ नोव्हें.
दिवसभर गेटजवळ खुर्ची टाकून बसलो. गिऱ्हाईक आलं की विचारायचं, पान पाहिलं काय? दादा म्हणे, जनगणना चालू आहे.

अकोल्याचे एक काका आले, परसात भाजी लावतात. पानावर टमाटं दिसलं नाही म्हणून त्यांनी फोन केला होता. वहिनी म्हणाली होती, आठ दिसानं या, तवरक वांगे न्या. वांग्याचे दोन ट्रे घेऊन चालले होते.
"पानावर 'नाही' असं लिहिलं असतं तं?"
"तं फोन कायले केला असता बाप्पा? मोझरीच्या अलीकडं दुसरी नर्सरी नाही काय?"

कोऱ्या जागेमुळं फोन येते. 'नाही'मुळं बंद होते. मॅडमले लिहून पाठवलं.

१२ नोव्हें. अकोला
दादासोबत मिरचीची रोपं पोचवाले आलो. एका बाईच्या गच्चीवर, कुंड्याच कुंड्या. वाटलं, इथंही तेच ऐकू येईल. विचारलं.
"तुमचं ते पान? अर्धं गायबच असते. मले वाटते माझाच मोबाईल बिघडला. दोनदा पोरीले दाखवला. नाही तं नाही म्हणाव न सरळ, त्यात लाज कायची?"
दादा माझ्याकडं पाहून राहिला.
दोघंही खरे. काका न् बाई एकाच गावचे.

१३ नोव्हें.
'जर' आणि 'नाहीतर' लिहिले. सकाळी सुरू केले, दुपारी चालले. इतकं सोपं होतं तं तीन वर्षं कावून नाही... वहिनीच्या मोबाईलवर टाकून ठेवले. शून्यही चालू ठेवलं आहे सध्या. वापरा म्हटलं नाही. पाहू म्हटलं, ती काय करते.

१४ नोव्हें., शुक्र.
सकाळी पान उघडलं. टमाटं दिसत होतं. खाली वहिनीचं लिहिलेलं: 'येऊन राहिलं. फोन करा.'
'नाहीतर'मध्ये! ना 'संपलं', ना 'नाही'. दादाले दाखवलं. त्यानं दोनदा वाचलं. मंग म्हणे, "शब्द तुझा, न् चालवते ती."
ठरलं वाटलं. मॅडमले हो कळवतो म्हणून फोन काढला, तं वहिनी शेडमधून ओरडली.
"भाऊजी, कोबीचं काय करू?"
"नाही न कोबी? मंग 'नाहीतर', सगळ्या यादीले तीच ओळ."
"'येऊन राहिली' लिहू तं खोटं होते. औंदा टाकलीच नाही. 'आहे'ही नाही, 'येऊन राहिली'ही नाही. तिसरं कुठी लिहू?"
"तिसरं नसते वहिनी."
"कसं नसते? कोबी तं हाय तशी."

मॅडमले फोन. दोन्ही टॅग झाले सांगितलं, खुश झाली. मंग कोबीचं सांगितलं. म्हणे, एकतर खरं नाहीतर खोटं, तिसरं कुठून आणू? कागदावर काही खरडल्याचा आवाज आला. मंग तीच बोलली.
"तिला विचार, चौथं आहे का."
"मॅडम, आज हो-नाही सांगायचं होतं."
"आधी विचार."

शून्यावर लाल चूक दाखवायची काय, तेही मॅडमले विचारायचं राहिलंच. वहिनीले जाऊन चौथ्याचं विचारलं. हात मातीचे, मिरचीचे ट्रे उचलून राहिली होती. थांबली, शेडभर नजर फिरवली, कोपऱ्यातल्या रोगट वांग्यांवर जरा ठेवली.
"थांबा," म्हणे, "पाहून सांगते."