मागच्या रुंद चाकाची आणि इतर चीजवस्तूंची व्यवस्था

मी, खाली सही करणार, वय एकाहत्तर, धंदा मोटारसायकल दुरुस्ती, शिक्षण सातवी नापास, हे स्वतःच्या हाताने आणि कोणाच्या सांगण्याशिवाय लिहीत आहे. अक्षर कापते आहे ते वयामुळे. डोके ठिकाणावर आहे. येत्या सोमवारी माझे ऑपरेशन आहे. डॉक्टर ते किरकोळ म्हणाले, तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. आधी कधी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे चूकभूल झाल्यास अर्थ पाहावा, शब्द पाहू नयेत. पानाच्या मागेही मजकूर आहे. कृपया उलटावे.

१. राहते घर, बँकेतली शिल्लक आणि घरातले सामान माझ्या पत्नीचे. तिच्या पश्चात आमच्या एकुलत्या एका मुलीचे. मोरीचा नळ जोरात पिळू नये, त्याचे आटे गेले आहेत. मी करणार होतो.

२. गॅरेजातली हत्यारे शेजारच्या लेथवाल्याला. बत्तीसचा पाना नऊ वर्षे त्याच्याकडेच आहे. मी त्याच्या दुकानात शिरलो की तो त्यावर फडके टाकतो. आता टाकू नये, पाना त्याचा झाला. त्याला साक्षीदार व्हायचे होते. पण ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील म्हणाले. त्यावर हा म्हणतो, "मग घे तुझा पाना आणि करू दे मला सही." मी ऐकले नाही.

३. माझी मोटारसायकल मुलीला. तिचे मागचे चाक मूळचे नाही. शंभर मिलिमीटरच्या जागी एकशेतीसचा टायर आणि त्याला पुरेल अशी रुंद रिम मी या दोन महिन्यांत बसवली. टायर चेनला घासू नये म्हणून पुढचे आणि मागचे स्प्रॉकेट, म्हणजे चेनचे दातेरी चक्र, सारखेच बाहेर घेतले आहे. टायर आणि चेन यांच्यामध्ये करंगळी जाते ना, हे दर महिन्याला पाहावे, गाडी बंद असताना. चेन ढिली पडली तर चाक मागे ओढावे. कडी काढून चेन आखूड करू नये, चाक पुढे येईल आणि टायर चिमट्याला, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्यांना, घासेल. मुलगी हुशार आहे पण घाईची आहे, म्हणून लिहिले.

चाक अजून सरळ रेषेत नाही. मागच्या टायरला मागून दोरा वळसा घालून त्याची दोन्ही टोके दोन्ही बाजूंनी पुढे नेतात. पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना दोऱ्यापर्यंत अंतर सारखे आले पाहिजे. माणूस नव्हता म्हणून मी टोके रंगाच्या दोन डब्यांना बांधली. सोमवारी चार मिलिमीटर फरक, मंगळवारी दोन, काल सहा. आठ दिवस चाक इकडेतिकडे सरकवतो आहे. राहिले तर मुलीने पूर्ण करावे.

४. गाडी देण्याला एक अट आहे. मुलीने आईला मागे बसवून एकदा तरी फिरवून आणावे, हळू.

कारण सांगणे भाग आहे. अकरा वर्षांपूर्वी वळणावर गाडी घसरली आणि मागे बसलेल्या माझ्या पत्नीचे खुब्याचे हाड मोडले. तेव्हापासून ही काठी घेऊन चालते आणि गाडीवर बसत नाही. ट्रकवाल्याने रस्त्यावर खडी सांडली होती असे मी सगळ्यांना सांगितले, आणि त्या माणसाला आजवर शिव्या घातल्या. खडी मूठभर होती. माझा मागचा टायर तळव्यासारखा गुळगुळीत झाला होता. नवा टायर दुकानात खुंटीला टांगलेला होता. दिवसभर लोकांचे टायर बदलायचो, स्वतःचा रविवारी बदलू म्हणत राहिलो. हे मी हिला कधी सांगितले नाही.

मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, टायर रुंद केला म्हणून आई पडणार नाही, असं कुणी सांगितलं तुम्हाला?" कोणी नाही. मला ते कळते. पण मला एवढेच काम येते.

५. (हे कलम त्याच दिवशी दुपारी वाढवले.) वरचे लिहून मी हात धुवायला गेलो, तेवढ्यात हिने कागद वाचला. मी दारातच थांबलो.

ही म्हणाली, "अकरा वर्षं त्या ट्रकवाल्याला शिव्या घातल्यात."

मी म्हटले, "हो."

"माझ्याकडूनही घालून घेतल्यात."

"हो."

"मग त्याचं नाही का काही या कागदात?"

म्हणून लिहितो: त्या ट्रकवाल्याची मी माफी मागतो. तो कुठे असतो ते मला ठाऊक नाही.

मला वाटले, आता ही सोमवारपर्यंत बोलणार नाही. मग काठी घेऊन गॅरेजात गेली, पुढच्या चाकासमोर स्टूल ओढून बसली आणि डब्यांचे दोरे सोडून दोन्ही टोके हातात धरली. म्हणाली, "अहो, डबे सरकतायत. तुमच्या ध्यानात कसं नाही आलं? मोजा आता."

मी पहिल्या दिवशीच्या खुणेवर चाक आणून मोजले. डावीकडे पंधरा, उजवीकडे पंधरा. पुन्हा मोजले. तिसऱ्यांदा मोजायला लागलो तर म्हणाली, "पुरे. माझे हात भरून आले."

नट आवळले. गाडी मधल्या स्टँडवर होती. हिने काठी माझ्याकडे दिली, माझ्या खांद्याला धरले आणि मागच्या सीटवर चढून बसली. मी घाबरून विचारले, "चालू करू?"

"आधी बसू तर द्या," म्हणाली.

सबब कलम ४ मधली अट तूर्त माझ्यावर आहे. मी सोमवारनंतर घरी आलो नाही तरच ती मुलीवर जाईल.

या पानाच्या समासात जो काळा डाग आहे तो माझ्या पत्नीच्या अंगठ्याचा आहे, चेनच्या वंगणाचा. तिला घर मिळणार असल्यामुळे तो सही म्हणून धरू नये. खाडाखोड म्हणूनही धरू नये.

सही (लिहून देणार)

आम्ही दोघे एकाच वेळी हजर असताना वरील इसमाने सही केली. सही करण्याआधी त्यांनी कागद दोनदा वाचून दाखवला.

साक्षीदार १: समोरच्या औषध दुकानाच्या मालकीणबाई (सही)
साक्षीदार २: कोपऱ्यावरचे शिंपी (सही)

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
तारीख: ९ ऑक्टोबर, गुरुवार