तपकिरी कव्हरातली पाच पुस्तकं

अटलांटाच्या उत्तरेला, मार्चचा दुसरा आठवडा

तीर्थस्वरूप सुवर्णाआत्यास रुपालीचा वाकून नमस्कार.

गुडघा कसा आहे? मोतीबिंदूचं ऑपरेशन पुन्हा पुढे ढकललं नाहीस ना? अक्षर मुद्दाम मोठं ठेवलंय. झेरॉक्सवाल्याकडून छापून घे आणि लाल पेन जवळ ठेव, चुका सापडतीलच. (चौतीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईला पत्र लिहिताना अजूनही प्रत्येक ओळ दोनदा तपासते.) इकडे तुझा जावई श्रीरंग बरा आहे, अनिका सहावीत आहे आणि मी दमले आहे. दमण्याचं कारण म्हणजे सहावीचं गणिताचं पुस्तक.

गेल्या वर्षी जानेवारीत डिस्ट्रिक्टचा ईमेल आला: सहावीच्या गणिताची पुस्तकं निवडायची आहेत, पालक हवेत. (डिस्ट्रिक्ट म्हणजे इथल्या सगळ्या सरकारी शाळांचा एकत्र कारभार. पुस्तकं तोच निवडतो, पैसेही तोच भरतो.) शाळेने पुस्तकांसाठी बोलावलं म्हणजे पुस्तकं मिळणार, एवढंच मला ठाऊक. मी कापडी पिशवी घेऊन गेले. तिथे अकरा शिक्षक आणि समितीच्या प्रमुख मिसेस टॉलिव्हर बसलेल्या. पिशवीकडे बघून त्या म्हणाल्या, "ओह, यू केम प्रिपेअर्ड!" आणि पुस्तकांना गुण देण्याचं चौदा पानी पत्रक माझ्या हातात ठेवलं. पाच प्रकाशक, नऊ बैठका. आपल्याकडे एक पुस्तक येतं आणि मग आपण त्याला नावं ठेवतो. इथे आधी पाचांना नावं ठेवायची आणि मग त्यातलं एक घ्यायचं.

नमुन्यांचा खोका आधी माझ्या घरी आला. तो मी बघून पुढच्या सभासदाकडे पाठवायचा, आणि पुस्तकं खराब होऊ द्यायची नाहीत अशी वर चिठ्ठी. आता तूच सांग, नवं कोरं पुस्तक, घरात वरणभात, आणि कव्हर नाही? वाणसामानाच्या तपकिरी कागदी पिशव्या फाडून मी पाचही पुस्तकांना कव्हरं घातली. तू शिकवलेली, कोपरे दुमडून, आत चिकटपट्टी लावून. पहिलं पानही आत दुमडलं गेलं, त्यामुळे प्रकाशकाचं नाव कुठेच दिसेना. वर एक ते पाच आकडे घालून खोका पुढे पाठवला. कव्हरं इतकी घट्ट होती की कोणी सोडवली नाहीत. सगळ्यांना वाटलं हा नियमच आहे, नाव बघून कोणी भुलू नये म्हणून. मिसेस टॉलिव्हर यांनी भर बैठकीत माझे आभार मानले. मी मान खाली घालून बसले. लोकांना तो विनय वाटला.

अकरा महिन्यांनी तीन नंबरचं पुस्तक एकमताने निवडलं गेलं. टाळ्या झाल्या, कव्हर उतरवलं. आत्या, ते आत्ता वर्गात चालू असलेलं पुस्तकच निघालं, नवीन आवृत्ती! ज्याला कंटाळून ही समिती नेमली, तेच! कोणालाच ओळखू आलं नाही, कारण ते छापलेलं कोणी कधी पाहिलंच नव्हतं. मुलं आणि शिक्षक ते स्क्रीनवरच उघडतात. मग मिसेस टॉलिव्हर हळूच म्हणाल्या, "वेल, इट डिड स्कोअर हाय."

मग नियमाप्रमाणे ते महिनाभर लोकांना बघायला ठेवलं. एकच नागरिक आला, त्याने बाथरूम कुठे ते विचारलं. मग डिस्ट्रिक्टच्या बोर्डाने मंजुरी दिली. मग कळलं की यंदाचे पैसे एका शाळेच्या गळक्या छताला गेले, खरेदी पुढच्या वर्षी, पुस्तकं त्या वर्षीच्या ऑगस्टात. आणि पुस्तकं म्हणजे तरी काय, सहा वर्षांचं लॉगिन. मुदत संपली की स्क्रीन कोरी. (तुझ्या शाळेत एकाच पुस्तकावर तीन भावंडं पास व्हायची, हे मी बैठकीत सांगितलं. त्याची टिपणात नोंद झाली.)

या सगळ्यात अनिकाचे अपूर्णांक राहिले ते राहिलेच. मे महिन्यात परीक्षा आहे, त्यावर पुढच्या वर्षी गणिताची कोणती तुकडी मिळणार ते ठरतं. मी शिकवायला बसले की दोघी रडून उठतो. परवा शांतपणे म्हणाली, "आय एम जस्ट नॉट अ मॅथ पर्सन, आई." अकरा वर्षांची पोर! तिच्यासाठी म्हणून वर्षभर चौदा पानी पत्रकं भरत बसले, आणि ती शेजारच्या खोलीत एकटीच अडलेली. मला फार वाईट वाटलं, आत्या.

असो. तब्येतीला जप, गुडघ्याला तेल लाव. श्रीरंगचा नमस्कार.

तुझी
रुपाली

ता. क. : खरं काम राहिलंच. शनिवारी तुझ्या संध्याकाळी साडेपाचला अनिकाला व्हिडिओ कॉलवर अपूर्णांक शिकवशील का? मला शिकवलेस तसे, पोळीचे तुकडे करून. ती इंग्रजीत उत्तरं देईल, तू मराठीत रागव. तिला कळतं.

ता. क. २ : डिस्ट्रिक्ट आता वरच्या इयत्तांसाठीही समित्या नेमतोय. सहावीची पुस्तकं येतील तेव्हा अनिका आठवीत असेल, म्हणून श्रीरंग म्हणाला, आता तरी सोड. मी हिशेब केला आणि नववीच्या समितीचा फॉर्म भरला. एवढं गणित तुझ्यामुळे येतं.