सत्तरच्या वरचे ठोके

१८ नोव्हेंबर १९६८, नागाव

सकाळी यांच्या मनगटाचे ठोके मोजले — सत्तर. सुटले! हृदय आपलंआपण चालेना म्हणून कमरेला विजेची डबी, तिची तार छातीत, अन् त्या तारेवर माझा संसार. मुंबईच्या डॉक्टरांनी बजावलंय — सत्तरच्या खाली गेले की धावत या. "सत्तर ना? मग चहा टाक," हे म्हणाले.

२१ नोव्हेंबर

सत्तर.

२८ नोव्हेंबर

चौऱ्याहत्तर! मध्येच एखादा ठोका घाईघाईने येतो. असू दे. कमी तर नाहीत! शाळेत आनंदाच्या भरात माझ्या वर्गातल्या मुलांना लवकर सोडलं.

९ डिसेंबर

ऐंशी. पण विहिरीच्या रहाटापर्यंत गेले अन् धापा टाकत बसले. निजायला तीन उशा लागतात. म्हणतात, "उकडतंय." डिसेंबरात!

आमच्या नारळीच्या वाडीत कामाला येणारी येसूबाई म्हणाली, "बाय, भाऊंच्या पायावर बोट दाबून बघा. खड्डा पडतो, भरत न्हाय." दाबून पाहिलं. भरला नाही. तीन आठवडे मनगट धरून बसले अन् पायांकडे पाहिलंच नाही! माझ्यासारखी शहाणी मीच.

११ डिसेंबर, मुंबई

रेवसहून लाँचने आलो. डॉक्टर रागावले नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली.

"तार उजव्या कप्प्यात आहे, बाई. तो आधी आकसतो, डावा मागून. दोघांचा मेळ नाही, म्हणून हृदय फुगलंय. ठोके मोजून रक्त किती जातं ते कळत नाही."

"म्हणजे रहाट फिरतोय, पण पाटाला पाणी नाही," हे म्हणाले. डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही.

"अन् ते जादा ठोके त्यांचे स्वतःचे. हृदय जागं होतंय, यंत्राशी भांडतंय. भलत्या क्षणी दोघं एकमेकांवर आले, तर हृदय बंदही पडेल." अन् मी खूश होते! मुलांना सुट्टी दिली!

१२ डिसेंबर

उद्या डबी बंद करून पाहणार. हृदय चाललं नाही तर लगेच सुरू करू, म्हणे. लगेच म्हणजे किती? विचारायचा धीर झाला नाही. यांनी सही केली. मला फार भीती वाटते.

१३ डिसेंबर

अकरा वाजता बंद केली. आता चार वाजलेत. डबी टेबलावर पडलीय, अन् हे माझ्यावर ओरडताहेत — "दोघंही इथे, मग वाडी शिंपतंय कोण?"