ताईंच्या मागच्या दारचा भुंगेरा

दि. ९ ऑक्टोबर. सकाळी कपडे धुतले. दुपारी संग्रहालयात गेले. किडा कोण ते ठरलं, तो राहतो कुठे ते ठरलं नाही. संध्याकाळी परत.

ती. ताईंच्या सेवेशी,

नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला? इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. सगळे म्हणजे मी.

हे गेल्यावर यांच्या किड्यांच्या पेट्या संग्रहालयाला द्यायच्या, हे तुमच्यासमोरच ठरलं होतं. मला वाटलं, पेट्या ठेवायच्या, चहा घ्यायचा आणि परतायचं. तिथले किडेवाले साहेब (हुद्दा लांबलचक आहे, माझ्या लक्षात राहत नाही) एकेक पेटी उघडून "हं" म्हणून बाजूला सारत होते. एका पेटीशी त्यांचं "हं" थांबलं. आत करंगळीच्या पेराएवढा काळा भुंगेरा. वरचे पंख इतके आखूड की धुऊन आटलेला सदरा घातल्यासारखा, पोट सगळं बाहेर. ही जात आपल्या भागात आजवर कुणाला सापडलेली नाही, असं म्हणाले आणि अख्खी दुपार भिंगाला डोळा लावून बसले. मिशीचा तिसरा मणी दुसऱ्यापेक्षा लांब आहे का, मानेवर ठिपके किती, हे सगळं मला मोठ्याने सांगत. मग म्हणाले, "नर असला तर बरं. शेपटाकडून जात पक्की होते." मी म्हटलं, "मला नका विचारू, यांनी ओळख करून दिली नव्हती." ते हसले नाहीत. नर निघाला.

आता संग्रहालयाच्या दप्तरात त्या भुंगेऱ्यापुढे यांचं नाव चढेल, ते कायमचं. पण कुठे सापडला ते नेमकं सांगितलं तरच. नाहीतर त्याची रवानगी शाळेतल्या मुलांनी हाताळायच्या पेटीत. आणि ताई, तुमच्या भावाने टाचण्यांना लावलेल्या चिठ्ठ्या काय सांगू. जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनी इंचाइंचाने मोजून दिल्या, पण स्वतःच्या किड्यांचे पत्ते असे: "नेहमीची जागा". "त्या दगडाखाली". "परवासारखंच". (साहेबांनी मला विचारलं, परवा म्हणजे केव्हा?) या भुंगेऱ्याच्या चिठ्ठीवर मार्चमधली तारीख आहे आणि "ताईकडे, मागे".

मी म्हटलं, सुटले, पत्ता मला तोंडपाठ आहे. साहेब म्हणाले, पत्ता नको, जागा हवी, कारण हा कुजक्यातच राहतो. जुनं शेण, सडकी भाजी, मेलेला उंदीर, आणि त्यातल्या अळ्या हे याचं जेवण. मी म्हटलं, "अहो, माझ्या नणंदेच्या घरात मुंगीसुद्धा पाय पुसून येते." ते म्हणाले, "मुंगीचं मला माहीत नाही. हा आला म्हणजे मागे काहीतरी चांगलंच कुजलेलं असणार." तुमच्या बाजूने मी इतकी भांडले की शिपाई डोकावून गेला. (मी कुणाशी भांडत नाही हे तुम्ही जाणता.) शेवटी, उडत आला असेल, असंही सुचवून पाहिलं. तर म्हणे, "आलाही असेल, उडतो चांगला. पण वास आल्याशिवाय उतरायचा नाही."

भाऊजींना नमस्कार सांगा.

तुमची,
भावजय

ता. क. मागे म्हणजे नेमकं कुठे, आणि मार्चमध्ये तिथे काय पडलं होतं, तेवढं राग न धरता कळवा. दप्तरात तुमचं नाव येणार नाही, फक्त पत्ता.

ता. क. २. खरं तर तेवढ्याने भागणार नाही. साहेबांना जिवंत भुंगेरा हवाय. रविवारी मी त्यांना घेऊन तुमच्याकडे येते आहे. तोवर कृपा करून मागचं झाडू नका. धुऊ तर मुळीच नका.

ता. क. ३. ती तारीख म्हणजे यांची तुमच्याकडची शेवटची खेप. ताटं वाढलेली, तुम्ही हाका मारताय, आणि हे मागच्या दारी. शेवटी आले ते एक शब्द न बोलता जेवले. "भाऊ माझ्यावर रुसूनच गेला," असं तुम्ही भेटायला आलात तेव्हाही म्हणालात. ताई, जेवताना त्यांची डावी मूठ मिटलेली होती, आठवतं? मलाही तो राग वाटला होता. हा भुंगेरा कडकडून चावतो, असं साहेबांनी आज सांगितलं.

हे खोडावंसं वाटायच्या आत पाकीट चिकटवते आणि कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून येते.