एकही प्रोग्राम परत आला नाही

सोलापूर,
२१ नोव्हेंबर १९७७

प्रिय शिवयोगी,

माझ्या निवृत्तीनिमित्त निघणाऱ्या गिरणीच्या स्मरणिकेतील तुझा लेख वाचला. ‘विरुपाक्ष सरांचा एकही प्रोग्राम पुण्याहून चुकला म्हणून परत आला नाही,’ हे त्यातील वाक्य असत्य आहे. आणि ते असत्य असल्याचे तुला माझ्याआधी ठाऊक होते.

गेल्या आठवड्यात, आपले प्रोग्राम जिथे चालवले जातात त्या पुण्याच्या संगणक केंद्राचा निरोप घ्यायला गेलो. त्यांनी फळीवरून माझ्या बंदवेळेच्या प्रोग्रामच्या छिद्रित कार्डांची पेटी काढून दिली. वर संगणकावरील पहिल्या फेरीचा कागद होता : रात्री बारापूर्वी बंद पडून बारानंतर सुरू झालेल्या मागांची बंदवेळ उणे आली होती. त्यानंतर ती पेटी कोणी उघडलीच नव्हती. केंद्राच्या नोंदवहीप्रमाणे, तीन वर्षे तू मला आणून दिलेले तक्ते तू फोर्ट्रान भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामचे होते.

मी आयुष्यात एकच संगणकभाषा शिकलो, कोबोल. पण तिचे नियमपुस्तक मला मुखोद्गत आहे. तू तीन भाषांत हात घालायचास आणि वर म्हणायचास, ‘सर, भाषा म्हंजे पान्हा की ओ! नट सुटला की बास.’ मी रागवायचो. पण तो आपला उघड वाद होता, आणि त्यात हरलो असतो तर मी हार मान्य केली असती. तू मला हरूच दिले नाहीस. दर वेळी पुण्याहून येऊन एस.टी.तून उतरताच सांगितलेस, ‘पहिल्या फेरीतच चाललं, सर.’ माझा मान राखतो आहेस, असे तुला वाटले असेल. ज्याला मी घरचा समजलो, त्याने लहान मुलासारखी माझी समजूत घातली.

त्या असत्याच्या मापाने मी जगदेवीला मोजले. तिचा प्रोग्राम दोनदा परत आला, म्हणून तिला आपल्या विभागातून काढून सूतमोजणीत धाडले. जाताना तिने विचारले होते, ‘सर, तुमचं एकदाबी चुकलं न्हाय व्हय?’ मी म्हणालो, ‘एकदाही नाही.’ तू शेजारच्या टेबलाशी होतास. मान खाली घालून लिहीत राहिलास.

येत्या रविवारी माझा सत्कार आहे. ते वाक्य काढून त्या जागी खालील तारखा छाप. त्या छापल्या नाहीत, तर मी येणार नाही.

अजूनही तुझाच,
विरुपाक्ष

१२ ऑगस्ट १९७४ : माझा प्रोग्राम पहिल्याच फेरीत चुकला.
१९ ऑगस्ट १९७४ : शिवयोगीने दुसरा लिहिला. तो बरोबर होता.
३ मार्च १९७६ : जगदेवीला मी विभागातून काढले.
२० नोव्हेंबर १९७७ : तिच्या घरी जाऊन तिच्या प्रश्नाचे उत्तर दुरुस्त केले.